आठ कॅबिनेट आणि दोन कोंबडे

पहिल्या कॅबिनेटचा पत्रा सरकवला आणि आतून असा काही वास आला की हर्नानीचा सकाळचा भात घशाशी आला. पंख्यावर धुळीचा राखाडी थर बसला होता. थर कसला, गोधडीच! त्या गोधडीत केस होते, कातरलेली नखं होती, तळलेल्या माशाचा तेलकट चिकटा होता आणि प्रोसेसरच्या उबेला झुरळांचं अख्खं बाळंतघर वसलं होतं. उजेड पडला तशा आया पळाल्या, पोरं तिथेच वळवळत राहिली.

"दिविना!" तो ओरडला आणि दोन पावलं मागे सरला.

दिविना, त्याची बायको, आतून ब्रश घेऊन आली. तिने चपलेने दोन झुरळांना आडवं केलं, बाकीचा संसार ब्रशने झाडून सुपलीत घेतला आणि गटारात टाकून आली.

"झालं. या आता, राजेसाहेब," ती म्हणाली.

हर्नानीने नाकावरचा रुमाल काढला आणि पाना हातात घेतला. त्यांच्या संसारात कामाची वाटणी अशीच होती. अक्कल लागेल ते तो करायचा आणि हात बरबटतील ते ती करायची. यात काही वावगं आहे असं निदान त्याला तरी वाटत नव्हतं. माणसाला किळस येते म्हणजे येते. त्याला काय इलाज?

दुकान त्याच्या सासूचं. इलोइलो शहराच्या हारो भागात, एका कोपऱ्यावर, नानाय कोन्सिंगची आठ कॉम्प्युटर होती. पेसोचं नाणं टाकायचं, चार मिनिटं खेळायचं, पडदा काळा झाला की पुन्हा नाणं टाकायचं. एके काळी या दुकानात बसायला जागा मिळत नसे. मग नानायने जुनी कॅबिनेट भंगारात दिली आणि बाजारातली सगळ्यांत स्वस्त नवी आणली. समोर काळी चकचकीत काच आणि आत सात रंगांचे दिवे. पण हवा आत शिरायला म्हणाल, तर बोटभर फट नाही! पत्रा एवढा पातळ की दाबला तर वाजायचा, आणि कडा एवढ्या धारदार की हात लावला की रक्त निघायचं. असली कॅबिनेट बनवणाऱ्याला त्यातच कोंबून भर उन्हात ठेवायला पाहिजे, असं हर्नानीचं स्पष्ट मत होतं.

झालं काय, की दुपारी उन्हं चढली की एकेक मशीन तापून बंद पडायचं. ऐन लढाईत मेलेला गडी नानायच्या नावाने शंख करत उठायचा आणि पुलापलीकडच्या एसीच्या दुकानात जायचा. तो काही परत यायचा नाही. घर चालेना. शेवटी दिविनाने एजन्सीत नाव घातलं. रियाधला एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचं सगळं करायचं, करार दोन वर्षांचा.

हर्नानीच्या तोंडचं पाणी पळालं. दोन वर्षं या घरात नानायबरोबर? आणि दिविनाशिवाय? तिच्याशिवाय त्याला झोपसुद्धा लागत नसे. पण हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं.

"थांब," तो म्हणाला, "मशीनं वाईट नाहीत, डबे वाईट आहेत. मी डबे कापतो. दुकान चाललं की तुला जायला नको."

"आणि नाही चाललं तर?"

"चालणार! न चालायला काय झालं?"

दिविनाने एजन्सीच्या बाईला थोपवून धरलं. रविवारी दुकान पुन्हा उघडायचं होतं. त्याच दुपारी एजन्सीच्या बाईचा फोन येणार होता. तोवर मशीनं तगली तर दिविना नाही म्हणणार होती.

तेव्हापासून हर्नानी कामाला जुंपला. समोरच्या काचा त्याने उपसून फेकल्या. खालच्या अंगाला दोन पंख्यांची भोकं पाडली, आत हवा ओढायला. आणि डोक्यावर बरोबर प्रोसेसरच्या वर, ताटलीएवढं एक मोठं भोक, गरम हवा बाहेर टाकायला. पंखे भंगारातल्या मशीनचे, धुऊन तेल दिलेले. कापलेल्या कडेला त्याने रबरी नळी चिरून बसवली, म्हणजे बोट कापायला नको. करवतीचा पत्र्यावरचा आवाज ऐकून शेजारपाजारचे कुत्रे रडत, पण हर्नानीचं लक्ष नसे. लोखंडाचा कीस त्याला चालायचा. लोखंड स्वच्छ असतं.

अडलं ते जाळीपाशी. भोकं उघडी ठेवली तर धूळ आणि झुरळं पुन्हा आत. त्यावर इथल्या सगळ्यांचा एकच उपाय: बायकांचे पातळ लांब पायमोजे पंख्यावर ताणून बसवायचे. हवा जाते, झुरळ जात नाही. हे मोजे मिळत जुन्या कपड्यांच्या ढिगाऱ्यात. कुठल्या देशातली कोण बाई, तिने ते किती दिवस घातले, तिच्या पायाला काय झालं होतं, कोण जाणे! दिविनाने पिशवी त्याच्यापुढे उपडी केली तेव्हा एका मोज्याच्या टाचेला पिवळट डाग दिसला आणि हर्नानी उठून थेट अंगणात गेला. मोजे दिविनाने उकळले, दिविनाने कापले, दिविनाने ताणून भोकांवर चिकटवले. काळेभोर मोजे काळ्या कॅबिनेटवर असे बसले की भोक आहे हे जवळ जाऊनच कळावं.

शनिवारी त्याने दारं-खिडक्या लावून आठही मशीनं भर दुपारी चालवली. एकही बंद पडलं नाही. त्याने प्रत्येकाच्या डोक्यावर तळहात धरला. जिथे आधी अंडं तळलं असतं, तिथे आता नुसती कोमट झुळूक येत होती.

"ये, हात ठेवून बघ!" त्याने दिविनाला ओढत आणलं.

तिने हात ठेवला, मग डोळे मिटून वाकली आणि गालच त्या झुळुकीवर धरला. "पांग्गा," ती हळूच म्हणाली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती त्याला रोज या लाडाच्या नावाने हाक मारायची. हर्नानीची छाती फुगली.

एवढ्यात नानाय कोन्सिंग दारात येऊन उभी राहिली. बगलेत एक कोंबडा, दुसऱ्याचे पाय हातात.

"उद्या सकाळी रक्त द्यायचं," ती म्हणाली. "लोलो उस्तिंगला सांगून आलेय. सुरी त्याची."

हर्नानीचा चेहरा आंबला. "कशाला, नानाय? कॉम्प्युटरला कसलं रक्त?"

"का? जीपला देतात, बोटीला देतात, भाताच्या गिरणीला देतात. कॉम्प्युटर काय आभाळातून पडला? तू कापलंस ना त्यांना? कापलं की ते रक्त मागतं. आधी कोंबड्याचं द्यावं, नाहीतर घरातलं माणूस नेतं." मग तिने दिविनाकडे बघितलं आणि तिचा आवाज उतरला. "आपल्या घरातलं माणूस असंही जायच्याच वाटेवर आहे."

 कोंबड्याच्या पायाची खवलं आणि त्यांत अडकलेली शीट बघून हर्नानी दोन पावलं मागे सरला.

"ज्याने कापलं त्याने पाय धरायचे आणि जागा दाखवायची," नानाय पुढे म्हणाली. "घराला सुतार दाखवतो, तसं इथे तू. सकाळी अंघोळ करून ये."

"मी? छे! मला नाही जमणार. मला ओकारी येते."

"अग बाई! नाजूक फुलच की! कोंबडीचं इनासाल खाताना नाही येत? तेव्हा हाडंसुद्धा चोखून खातोस मेल्या!"

"ते भाजलेलं असतं."

"पांग्गा," दिविना मध्ये पडली, "अरे किती वेळचं काम? नुसता उभा राहा. जागा दाखव आणि तोंड फिरव. मी तिथे असते तर मीच केलं असतं, पण मी मागे चुलीपाशी असेन."

"हे बघा," हर्नानी चिडून म्हणाला, "तुम्हाला रक्त लावायचं तर लावा. पाहिजे तिथे लावा. मला विचारू नका आणि मला दाखवू नका. सगळं आटोपलं की मी येतो."

दिविना कोंबड्यांना पाणी ठेवायला निघून गेली.

रविवारी सकाळी हर्नानी चर्चसमोरच्या चौकात जाऊन बसला. एक कॉफी, दोन पाव, स्वच्छ बाक. बाक त्याने आधी रुमालाने पुसला. मनात तो घरच्या सोहळ्याला नावं ठेवत होता. काय हे लोक! एकीकडे मशीनवर अख्ख्या जगाशी लढतात आणि दुसरीकडे त्याच मशीनपुढे कोंबडं कापतात. पत्र्याला बोटभर रक्त फासतील, त्यावर माश्या बसतील, आणि ते पुसायला... बरं, पुसायला दिविना आहेच. त्याने दुसरी कॉफी सांगितली.

तो परतला तेव्हा दुकानात गर्दी उसळली होती. पुलापलीकडे गेलेले बरेचसे गडी परत आले होते. कुणी नाणी खुळखुळवत होतं, कुणी आधीच खुर्ची अडवून बसलं होतं. मागच्या दारातून तिनोलाचा वास येत होता, म्हणजे कोंबडे पातेल्यात पडले होते. लोलो उस्तिंग हा गल्लीतला सगळ्यांत म्हातारा माणूस. तो पायरीवर बसून सुरी धूत होता. हर्नानीने धीर करून मशीनांकडे नजर टाकली आणि त्याला आश्चर्यच वाटलं. कॅबिनेट लख्ख होती. पुढे डाग नाही, बाजूला ओघळ नाही.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं तर!" नानाय फुशारकीने म्हणाली. नवा झगा घातला होता, ओठ रंगवले होते. "दोन कोंबड्यांचं रक्त, पण बाहेर एक थेंब सांडू दिला नाही. तुला घाण वाटते ना! म्हटलं, पोराने एवढं केलंय, त्याला त्रास नको."

हर्नानीला बरं वाटलं. सासूबद्दल त्याला असं काही वाटायची ती पहिलीच वेळ. "मग लावलं कुठे?" त्याने सहज विचारलं.

"कुठे म्हणजे? कापलंस तिथे. वरच्या भोकात. गोठू नये म्हणून शिरका घातला आणि पळीपळीने सोडलं. गटागट प्यायले बघ आठही जण!"

हर्नानीच्या डोक्यात ते शिरेपर्यंत लोलो उस्तिंगने उठून, क्रूसाची खूण करून, मोठं बटण खाली ओढलं होतं.

वरच्या भोकांतले आठही पंखे एकदम फिरले. भिजलेल्या मोज्यांतून बारीक लाल तुषार उडाले, आणि कॅबिनेटांवर वाकून बसलेल्यांच्या तोंडावर, गळ्यावर, उघड्या तोंडांत गेले. कुणीतरी किंचाळलं. एक गडी जीभ बाहेर काढून थू थू करत खुर्चीसकट मागे पडला. पाठोपाठ आतून चर्र आवाज आला आणि वास सुटला. गरम प्रोसेसरवर रक्त शिजत होतं. शिरका, जळकी तार आणि शिजलेलं रक्त! तिसऱ्या मशीनने फाटकन आवाज केला आणि ते काळं झालं.

"परत फेकतायत! रक्त परत फेकतायत!" नानाय छाती बडवत ओरडली. "नाकारलं त्यांनी!"

बटण हर्नानीपासून चार हातांवर होतं. ते वर ढकललं असतं तर अजून सात मशीनं धड होती. हे त्याला त्या क्षणीही कळत होतं. पण एक थेंब त्याच्या ओठावर उडाला होता. कोमट होता आणि खारट-आंबट लागला. हर्नानी तोंडावर हात दाबून बाहेर पळाला, गटारावर वाकला आणि दोन्ही कॉफ्या, दोन्ही पाव ओकला.  आतून फाटकन, फाटकन आवाज येत होते. मागच्या दारातून दिविना धावत आल्याचं त्याने ऐकलं. "बटण कुठलं? अरे कुणीतरी सांगा, कुठलं बटण?" ती ओरडत होती. सांगायचं ते त्यालाच होतं, पण तोंड उघडलं की ओकारीच येत होती.

तिने शेवटी वायरच उपटली. तोवर आठही मेली होती.

गर्दी पांगली. जाताना लोक क्रूस करत होते, शर्टाने तोंडं पुसत होते. इथे आता पुन्हा कुणी बसणार नव्हतं. हर्नानी आत आला, तो नाकाला रुमाल लावूनच. तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

"अक्कल गहाण टाकली होती का तुम्ही?" तो नानायवर ओरडला. "विजेच्या वस्तूत कुणी रक्त ओततं? वरवर बोट लावायचं सोडून भोकात?"

नानाय खुर्चीवर बसली होती. ओठांचा रंग गालावर फरफटला होता, आणि त्यातलं रंग किती आणि रक्त किती हे कळत नव्हतं. "कापतात तिथेच देतात रे," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "घराला खांबाच्या खड्ड्यात देतात, खांबावर नाही. तू काय परदेशातून आलास? तुला ठाऊक नव्हतं?"

ठाऊक होतं. त्याच्या बापाच्या घराच्या वेळी खड्ड्यात सोडलेलं रक्त त्याने डोळ्यांनी बघितलं होतं, आणि तेव्हाही तो ओकला होता. नानाय कुठे ओतणार हे शनिवारीच त्याच्या ध्यानात यायला हवं होतं. जागा दाखवायला तो इथे उभा असता तर "इथे नको, त्या कोपऱ्यावर लावा," एवढंच म्हणायचं होतं. 

दिविना जमिनीवर बसली होती. पहिलं कॅबिनेट तिने आडवं केलं होतं आणि मोजा सोलून काढला होता. आत पंख्याच्या पात्यांवर रक्ताचे थिजलेले गोळे लोंबत होते. एकाला बारीक पीस चिकटलं होतं. ती ओल्या फडक्याने, जिथे फडकं पोचेना तिथे नखाने, एकेक खरवडून काढत होती. माश्या तिच्या मनगटांवर बसत होत्या.

फोन वाजला. दिविनाने बोटं झग्याला पुसली आणि फोन कानाला लावला.

"हो, मॅडम," ती म्हणाली. "हो. विचार झाला. येते मी." थोडा वेळ ऐकलं. "नाही, घरी काही अडचण नाही."

हर्नानी तिच्यासमोर उकिडवा बसला. "दिविना, घाई करू नकोस. दोन-तीन तरी सुरू होतील. मी वाळवतो ना."

"वाळव."

"अग, तिथे काय करावं लागेल ठाऊक आहे का तुला? त्या म्हातारीचं हगणं-मुतणं काढायचं. पाठीच्या जखमा धुवायच्या, पू पुसायचा. दोन वर्षं, रोज. तुला किळस नाही येणार?"

दिविनाने फडकं बादलीत पिळलं. पाणी लाल झालं, वर शिरक्याचा फेस आला. तिने तोंड फिरवलं, घशाशी आलेलं गिळलं आणि मग त्याच्याकडे बघितलं. तिचे डोळे पाण्याने भरले होते, आणि ते पाणी रडण्याचं नव्हतं.

"येईल ना," ती म्हणाली. "आत्ता नाही का येत? झुरळांची येते, त्या मोज्यांची आली, सकाळी कोंबडे सोलताना आली. तुला काय वाटलं हर्नानी, मला येत नाही?"

त्याला खरंच तसं वाटत होतं. लग्न झाल्यापासून इतकी वर्षं त्याने तिला हजारदा हाक मारली होती आणि हजारदा मागे सरला होता. किळस ही देवाने त्याला एकट्यालाच दिली आहे, आणि तिला नाही, असं तो धरून चालला होता. आता त्याला स्वतःचीच शिसारी आली, आणि त्या शिसारीपासून मागे सरायला दोन पावलं जागा नव्हती.

त्याने नाकावरचा रुमाल काढला. हात पुढे केला. "दे ते फडकं. मी पुसतो."

"राहू दे," दिविना म्हणाली आणि तिने दुसरं कॅबिनेट पुढे ओढलं.